चिकन सूप पहिल्यांदाच करतेय, बाबांसाठी, आणि घरात चव बघायला कोणीच नाही

अर्धी_वाटी | सोमवार, सकाळी ११:२०

मंडळी, घाईत टाइप करतेय, चुका पोटात घाला. सासरे (बाबा, वय ७४) छातीच्या इन्फेक्शनमुळे हॉस्पिटलात होते, परवा घरी आणलं. ताप गेलाय पण खोकला आहे, नाक बंद आहे आणि तोंडाला अजिबात चव नाही, ताट समोर ठेवलं की दोन घास खातात आणि "राहू दे गं" म्हणून बाजूला सरकवतात. काल रात्री मात्र आपणहून म्हणाले, चिकनचं सूप असतं तर प्यालो असतो. आठ दिवसांत पहिल्यांदा काहीतरी मागितलंय त्यांनी त्यामुळे ते मला करायचंच आहे. सासूबाई करायच्या, पण त्या जाऊन तीन वर्षं झाली आणि त्यांनी कधीच काही लिहून ठेवलं नाही, सगळं अंदाजपंचे.

अडचण अशी की मी मांसाहार करत नाही. चिकनला हात लावायला, शिजवायला माझी ना नाही, पण मी चव बघणार नाही. नवरा खातो, पण तोही सर्दीने आडवा झालाय, त्याला सध्या साबण आणि साखरेतला फरक कळत नाहीये. म्हणजे करणारीला चव बघायची नाही, बघणाऱ्याला कळत नाही, आणि पिणाऱ्याच्या तोंडाला चव नाही! हसू नका.

कोणते पिसेस आणू, किती वेळ शिजवू आणि मुख्य म्हणजे मीठ किती? बाबांना बीपी आहे, डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय. पाकिटातलं तयार सूप नकोय. वेळ आहे माझ्याकडे, आज-उद्या घरूनच काम आहे.


उकळी_फुटली | सोमवार, सकाळी ११:३४

साबण आणि साखर 😂 सॉरी, हसलो.

कुकर काढा ताई. चिकन, कांदा, गाजर, पाणी, शिट्टी झाली की गॅस बारीक करून अर्धा तास. मी एकटा राहतो, आजारी पडलो तर मीच पेशंट आणि मीच केअरटेकर, मला दोन तास पातेल्यापाशी उभं राहणं परवडत नाही.


सांडशी | सोमवार, दुपारी १२:१०

अर्धी_वाटी, आधी मोठा श्वास घे. जगातला सगळ्यात सोपा प्रकार आहे हा, फक्त घाई केलीस की बिघडतो.

पिसेस हाडासकटच आण, बोनलेस अजिबात नको. एक किलोच्या आसपास. त्यात लेग, थोडे पंख, मान-पाठीचे तुकडे मिळाले तर उत्तम, आणि एक हाडासकट ब्रेस्ट. सूपला जो अंगचा दाटपणा येतो ना, ओठाला किंचित चिकट लागणारा, तो हाडं, कातडी आणि सांध्यांतल्या कोलॅजनमुळे येतो, मंद आचेवर त्याचं हळूहळू जिलेटिन होतं. नुसत्या ब्रेस्टचं सूप म्हणजे गरम पाणी आणि वर चोथा.

चिकन नळाखाली धुत बसू नकोस. मला माहितीये इथे आता दहा जण माझ्या अंगावर येतील पण धुतल्याने जंतू जात नाहीत, शिंतोडे मात्र सिंकभर, ओट्यावर, शेजारी निथळत ठेवलेल्या भांड्यांवर उडतात. जंतू मरतात ते शिजवल्यावरच. रक्त वगैरे असेल तर टिपकागदाने टिपून घे, कागद लगेच कचऱ्यात, हात साबणाने. चाकू-बोर्ड वेगळा ठेव, आजारी माणूस आहे घरात.

मोठ्या पातेल्यात चिकन घाल, वर गार पाणी, दोन ते अडीच लिटर. गार पाण्यातूनच सुरुवात. पाणी हळूहळू तापत जातं तसा वर करडा फेस येतो, तो चमच्याने नाहीतर झाऱ्याने काढत राहा, पंधरा-वीस मिनिटं एवढंच काम. फेस यायचा थांबला की एक मोठा कांदा (दोन तुकडे), दोन गाजरं, पाच-सहा लसूण पाकळ्या, इंचभर आलं, आठ-दहा मिरी अख्खी, एक तमालपत्र. मिरपूड नको, ती खोकणाऱ्या माणसाच्या घशाला लागते, अख्खी असली की गाळताना जाते.

आणि आता लक्ष दे. खळाखळा उकळू द्यायचं नाही. मधूनच एखादा बुडबुडा वर यावा, एवढीच आच. जोरात उकळलं तर चरबी आणि फेस सगळं घुसळून त्या पाण्यातच मिसळतं आणि सूप गढूळ, तेलकट होतं. आजारी माणसाला तो तेलकटपणा पहिल्या घोटात कळतो, चव नसली तरी.

पाणी असं हलायला लागल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी ब्रेस्ट बाहेर काढ. आतून पूर्ण शिजलेलं हवं, गुलाबी नको, थर्मामीटर असेल तर मधोमध ७४ डिग्री. मांस सोडवून बारीक धागे कर आणि हाड परत पातेल्यात टाक. ब्रेस्ट दोन तास शिजवलंस तर लाकडाचा भुसा होतो. बाकीचं एकूण दीड-दोन तास. मग गाळ. मीठ गाळल्यानंतर. आधी नाही. लिहून ठेव कुठेतरी.


तळटीप | सोमवार, दुपारी १२:२५

सांडशीताईंना अनुमोदन, फक्त एक. कुकरमध्ये सत्त्व मरतं, त्यामुळे कुकर नकोच. हाडांचं सूप बारा तास तरी उकळायला हवं, थोडं व्हिनेगर घालून, म्हणजे हाडातलं कॅल्शियम उतरतं.


उकळी_फुटली | सोमवार, दुपारी १२:३१

सत्त्व मरतं म्हणजे नक्की कोण मरतं?


जुना_चष्मा | सोमवार, दुपारी १:०५

तळटीप, दोन्ही मुद्दे तपासून बघा. कुकरमध्ये दाबामुळे पाणी ११५-१२० डिग्रीपर्यंत तापतं, म्हणून कोलॅजन लवकर सुटतं, सत्त्व वगैरे कुठे पळून जात नाही. उलट आतमध्ये दाब स्थिर ठेवला तर खळखळ होत नाही आणि सूप बऱ्यापैकी नितळ येतं. फक्त गॅस बंद केल्यावर शिट्टी उचलून वाफ काढायची नाही, दाब एकदम उतरला की आतलं पाणी भसकन उकळतं आणि सगळं ढवळून निघतं. कुकर आपणहून गार होऊ द्या.

कॅल्शियमचं म्हणाल तर हाडांच्या सूपमध्ये ते फार कमी असतं, चमचाभर व्हिनेगरने त्यात लक्षात येण्यासारखा फरक पडत नाही. सूप जरूर प्या, पण कॅल्शियमसाठी नको. आणि बारा तास गॅस जाळून तुम्ही भाज्यांची चव कडवट करून घ्याल ते वेगळंच.


तळटीप | सोमवार, दुपारी १:१२

बरं. मी कुठेतरी वाचलं होतं.


रात्रपाळी | सोमवार, दुपारी ३:४०

आत्ता झोपून उठले म्हणून उशीर. मी नर्स आहे, पाककृती माझा प्रांत नाही, पण अर्धी_वाटी ताई, पातेलं चढवायच्या आधी काही गोष्टींची उत्तरं स्वतःला द्या.

बाबांना पाणी पिताना ठसका लागतो का? आवाज ओला, घरघरल्यासारखा होतो का प्यायल्यावर? छातीचं इन्फेक्शन झालेल्या वयस्कर माणसात कधीकधी मूळ दुखणं हेच असतं की पातळ पदार्थ चुकीच्या नळीत जातो. तसं असेल तर पातळ सूप द्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा, ते गिळण्याची तपासणी करायला सांगतात, काही जणांना पातळ पदार्थ दाट करून द्यावे लागतात. तसं काही नसेल तरी देताना पूर्ण बसवून द्या, उशीला टेकून अर्धवट आडवं असताना नको, आणि नंतर अर्धा तास तरी बसूनच राहू दे.

किडनीचा त्रास किंवा हार्ट फेल्युअर आहे का? दिवसाला एवढंच पाणी असं डॉक्टरांनी बांधून दिलं असेल तर सूपही त्या हिशोबात धरायचं. हे लोक हमखास विसरतात, पाणी मोजतात, चहा मोजतात आणि सूप "जेवण" म्हणून सोडून देतात. किडनीवाल्यांनी सूपमधल्या पोटॅशियमचंही विचारून घ्यायचं.

आणि ताकद. नुसत्या गाळलेल्या सूपमध्ये प्रोटीन थोडंच असतं, बहुतेक सगळं पाणीच आहे ते. प्रोटीन मांसात असतं, शिजलेल्या ब्रेस्टच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३० ग्रॅम. कितीतरी घरांत मी बघते, पेशंटला निवळ पाणी आणि मांस बाकीच्यांच्या ताटात! वर म्हणणार, रोज सूप देतोय तरी अशक्तपणा का जात नाही. सांडशीताईंनी सांगितलेले ते धागे बारीक करून सूपातच घाला, चावायचा कंटाळा असेल तर थोड्या सूपाबरोबर मिक्सरमधून काढा.


अर्धी_वाटी | सोमवार, दुपारी ४:०२

रात्रपाळी ताई, खूप आभार. ठसका नाही लागत, पाणी व्यवस्थित पितात. किडनी-हार्ट ठीक आहे, फक्त बीपी. मांसाचं माझ्या डोक्यातच नव्हतं, मी खरंच गाळून फेकणार होते.

संध्याकाळी करते.


नुसतीच_वाचते | सोमवार, संध्याकाळी ५:१५

वाचनखूण साठवली. माझं बाळ दहा महिन्यांचं आहे, त्याला सर्दी झालीये, हेच सूप चालेल का?


रात्रपाळी | सोमवार, संध्याकाळी ५:५०

चालेल, मीठ न घालता. वर्षाच्या आत वरून मीठ नको. सर्दी आहे म्हणून मध तर अजिबातच नाही, वर्षाच्या आत मध धोक्याचा असतो. मांस नीट मऊ वाटून द्या, हाडाचा बारीक कणही जाता कामा नये, दोनदा गाळा.


अर्धी_वाटी | मंगळवार, सकाळी ९:१८

कालचा अहवाल. नापास.

सगळं सांगितल्यासारखं केलं होतं, फेस काढला, कांदा-गाजर घातलं, गॅस बारीक केला. मग ऑफिसचा कॉल आला, दहा मिनिटांचा म्हणाले होते आणि चाळीस मिनिटं झाली, आणि माझ्या नवऱ्याला वाटलं की गॅस चुकून बारीक राहिलाय तर त्याने मदत म्हणून मोठा केला. मदत! येऊन बघते तर पातेलं धडाधड उकळतंय, पाणी निम्म्याच्या खाली आणि रंग पांढुरका, दुधात पाणी घातल्यासारखा. आणि मीठ मी, सांडशीताई रागावू नका, आधीच घातलं होतं, दोन चमचे. वाटलं अडीच लिटरला दोन चमचे म्हणजे कमीच आहे. ते अडीच लिटरचं लिटरभर झालं.

नवऱ्याला चव बघायला दिली, म्हणाला छान झालंय. बाबांनी दोन चमचे घेतले आणि वाटी ठेवून दिली. काही बोलले नाहीत. ते काही बोलले असते तर बरं वाटलं असतं. नंतर पाणी मागितलं, ग्लासभर प्याले, तेव्हा मला कळलं की किती खारट झालं असणार.

आता उरलेल्याचं काय करू? बटाटा टाकला तर मीठ ओढून घेतो ना?


सांडशी | मंगळवार, सकाळी ९:४०

रागावत नाही गं. माझ्या पहिल्या सूपात तर मी गाळणी धरायला विसरले होते, सगळं सूप सिंकमध्ये आणि हातात हाडांचं पातेलं.

बटाट्याने काही होत नाही. तो खारट पाणी पितो, म्हणजे सूप कमी होतं, खारटपणा तेवढाच राहतो. खारटाला एकच उपाय, बिनमिठाचं पाणी घालून वाढवणे. दोन चमचे म्हणजे दहा-बारा ग्रॅम मीठ लिटरभरात गेलंय. आणखी दोन लिटर बिनमिठाचं पाणी नाहीतर सूप घातलंस तर बाबांना चालण्याजोगं होईल, पण तोवर त्यात चिकनचं नावच उरेल. आणि रात्रभर ते कुठे ठेवलं होतंस?


अर्धी_वाटी | मंगळवार, सकाळी ९:४४

ओट्यावर 😐 गरम होतं म्हणून. झाकण ठेवून.


रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ९:४६

टाकून द्या. वाईट वाटून घेऊ नका, पण टाका. नुसतं परत उकळून भागत नाही.

मांसाच्या सूपात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाचे जंतू असू शकतात, त्यांचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत आणि मोठं पातेलं झाकून सावकाश गार होत बसलं की त्यांची चंगळ होते. गॅस बंद केल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवं. गरम पातेलं तसंच ढकलायचं नाही, पसरट, उथळ डब्यांमध्ये वाटून घ्यायचं, नाहीतर सिंकमध्ये गार पाणी-बर्फ भरून त्यात पातेलं ठेवून ढवळायचं, वीस मिनिटांत खाली येतं. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने. लागेल तेवढंच बाहेर काढून चांगली उकळी आणायची, सगळं पातेलं रोज गरम-गार करायचं नाही.


जुना_चष्मा | मंगळवार, सकाळी १०:२०

मिठाचा प्रश्न चवीवर सोडलाच कशाला? वजनकाटा आहे का घरात? तुमच्याकडे जीभ नाही तर काटा वापरा. (वाक्य जरा वेगळंच झालं, समजून घ्या.)

साध्या, सगळ्यांना बरोबर लागेल अशा सूपात लिटरला सात-आठ ग्रॅम मीठ असतं. बाबांसाठी तीन ग्रॅम धरा, म्हणजे सपाट अर्धा छोटा चमचा. २०० मिलीची वाटी म्हणजे पोटात साधारण ०.६ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला एकूण ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते, त्यामुळे दोन वाट्या प्याले तरी सव्वा ग्रॅमच्या आत राहता. मात्र गाळून झाल्यावर मापाच्या भांड्याने सूप मोजा आणि मग मीठ घाला. तयार सूपचे क्यूब किंवा पावडर टाकायचा मोह टाळा, त्यात मीठच मुख्य असतं.

एवढं कमी मीठ अळणी लागेलच. तिथे लिंबू कामाला येतं. वाटीत वाढल्यावर चार थेंब. आंबटाने मिठाची उणीव बरीचशी भरून निघते.


तळटीप | मंगळवार, सकाळी १०:४५

पण मुळात चिकन सूपने सर्दी-खोकला बरा होतो याला काही आधार आहे का, की नुसत्या आजीबाईच्या गप्पा? भांडायला विचारत नाहीये, काल तोंडावर पडलोय म्हणून आज आधी विचारतोय.


जुना_चष्मा | मंगळवार, सकाळी ११:३०

हा हा. चांगला प्रश्न.

बाराव्या शतकात मायमोनिडीस नावाचा वैद्य-तत्त्वज्ञ कोंबडीचं सूप लिहून देत होता, म्हणजे आजीबाई बऱ्याच जुन्या आहेत. अलीकडचं म्हणाल तर १९७८ साली 'चेस्ट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा प्रयोग आला. पंधरा धडधाकट माणसांना गार पाणी, गरम पाणी आणि चिकन सूप देऊन नाकातला शेंबूड किती वेगाने सरकतो ते मोजलं. (जेवत असाल तर माफी.) गरम पाणी घोट घोट प्यायल्यावर मिनिटाला ६.२ मिलिमीटरचा वेग ८.४ झाला, सूप प्यायल्यावर ६.९ चा ९.२. गार पाण्याने मात्र ७.३ वरून ४.५ वर आला. गरमाचा परिणाम अर्ध्या तासात ओसरला. म्हणजे काम बरंचसं गरमपणाचं आणि वाफेचं आहे, आणि थोडा वेळ का होईना, शेंबूड लवकर सरकतो.

दुसरा २००० सालचा, त्याच नियतकालिकातला, नेब्रास्का विद्यापीठाचे स्टीफन रेनार्ड यांचा. त्यांनी बायकोच्या लिथुआनियन आजीच्या पाककृतीचं सूप प्रयोगशाळेत नेलं आणि दिसलं असं की त्या सूपामुळे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची हालचाल मंदावते. सर्दीत जी सूज आणि चिकटा येतो त्यात या पेशींचा हात असतो. पण हे सगळं काचेच्या भांड्यात, माणसाच्या शरीरात नाही. त्यामुळे "सूपने सर्दी बरी होते हे सिद्ध झालंय" असं कोणी फॉरवर्ड केलं तर पुढे ढकलू नका. पोटात पाणी जातं, थोडं मीठ जातं, थोडा वेळ शेंबूड लवकर सरकतो, आणि न जेवणारा माणूस चार घास खातो. मला एवढं पुरतं.


कोरडा_घसा | मंगळवार, दुपारी २:१०

मी सहसा लिहीत नाही इथे. पण अर्धी_वाटी, ते "काही बोलले नाहीत" वाचलं आणि राहवलं नाही.

माझ्या आईची केमो चालू होती तेव्हा मी रोज सूप करायचे. तिला आयुष्यभर आवडलेलं सूप, तिच्याच पद्धतीने. पहिल्या सायकलनंतर तिने ते एकदा उलटून काढलं आणि त्यानंतर त्या वासाने देखील तिचा चेहरा बदलायचा. मी तरी करत राहिले. मला वाटायचं मीच काहीतरी चुकतेय, मग कधी आलं जास्त, कधी कांदा कमी, कधी दोन तास कधी चार. ती बिचारी माझ्याकडे बघून दोन चमचे घ्यायची आणि मी खोलीबाहेर गेले की बाजूला ठेवायची. नंतर तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी समजावलं की मळमळीच्या दिवसांत जे खाल्लं जातं त्याचाच मेंदू तिटकारा धरून बसतो, म्हणून त्या दिवसांत मुद्दाम आवडीचा पदार्थ देऊच नये. मी नेमका तिचा सगळ्यात आवडीचा पदार्थ तिच्यापासून तोडला होता.

मग काही गोष्टी शिकले. सूप आई झोपलेली असताना, दार लावून करायचं, घरभर वास फिरायला नको. वाफाळतं न देता कोमट द्यायचं कारण वाफेबरोबर वास येतो (तुझ्या बाबांचं उलटं, त्यांचं नाक बंद आहे, त्यांना गरमच दे). झाकणाच्या कपात, स्ट्रॉने. स्टीलचा चमचा तिला तोंडात नाणं ठेवल्यासारखा लागायचा, प्लास्टिकचा दिला तर तक्रार नाही. आणि वाटी भरून कधीच नाही. चहाचा छोटा कप, तोही अर्धा. भरलेली वाटी बघूनच आजारी माणूस थकतो. अर्धा कप संपला की त्याला संपवल्याचं बरं वाटतं, आणि हवं तर मागतो.

आई आता बरी आहे. सूप अजून पीत नाही. मी करतही नाही.


अर्धी_वाटी | मंगळवार, दुपारी ३:३०

कोरडा_घसा, दोनदा वाचलं. काय लिहू कळत नाही. थँक यू.

मी काल मोठी वाटी काठोकाठ भरून नेली होती. आणि समोर उभी राहिले होते.


सांडशी | मंगळवार, दुपारी ३:४८

आज परत कर. आणि नवऱ्याला खोलीत कोंड.


अर्धी_वाटी | बुधवार, सकाळी ८:०५

काल रात्री केलं. पातेल्यासमोर लॅपटॉप घेऊन बसले, एक बुडबुडा, दुसरा बुडबुडा. पावणेदोन तास. पंचवीस मिनिटांनी ब्रेस्ट काढून धागे केले. गाळलं तर दीड लिटर झालं, अगदी चहाच्या रंगाचं, खालचा तळ दिसत होता. बाबांसाठी अर्धा लिटर वेगळं काढून काट्यावर दीड ग्रॅम मीठ मोजून घातलं. ऑफिसात कधी इतकं नेमकं काम केलं नाही मी.

चहाच्या कपात अर्धा कप नेला, त्यात थोडे धागे, लिंबू. ठेवला आणि म्हटलं मी औषधांची यादी बघून येते, आणि बाहेर येऊन बसले. दहा मिनिटांनी गेले तर कप रिकामा. काही बोलले नाहीत याही वेळी! पण रिकामा होता.

आता घाबरून विचारतेय, बाकीचं पसरट डब्यांत घालून बर्फावर गार करून फ्रीजमध्ये ठेवलं होतं. आज सकाळी बघते तर ते गोठलंय, जेलीसारखं थलथलतंय आणि वर पिवळा पापुद्रा. खराब झालं का? परत टाकायचं असेल तर सांगा, मी रडून घेते आधी.


सांडशी | बुधवार, सकाळी ८:११

अगं ये!!! जमलं! ती जेली म्हणजेच जिलेटिन, हाडांनी आपलं काम केलं. गरम केलंस की परत पाणी होईल. वरचा पापुद्रा म्हणजे चरबी, चमच्याने अख्खी उचलून काढ, आत्ता इतकी सोपी निघते, गरम असताना पळीने तासभर ढवळलंस तरी निघाली नसती.


उकळी_फुटली | बुधवार, सकाळी ८:३०

अभिनंदन ताई! ती जेली आइस ट्रेमध्ये भरून फ्रीझ करा, नंतर क्यूब पिशवीत. आजारी पडलो की मी चार क्यूब मगमध्ये टाकून गरम करतो. डब्यात फ्रीझ करत असाल तर वर बोटभर जागा सोडा, गोठताना फुगतं. माझ्याकडे एक काचेची बरणी शहीद झालीये.


तळटीप | बुधवार, सकाळी ९:००

मी काल कुकरमध्ये करून बघितलं. नितळ आलं. एवढंच सांगायचं होतं.


नुसतीच_वाचते | बुधवार, सकाळी ९:२५

भात किंवा नूडल्स घालायचे असतील तर सूपातच शिजवायचे का? आणि जुलाब होत असतील तेव्हा सूप द्यावं का?


रात्रपाळी | बुधवार, सकाळी १०:१०

जुलाबात आधी ओआरएस. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, कमी-जास्त नाही. त्यात मीठ आणि ग्लुकोज ठरलेल्या प्रमाणात असतात म्हणून आतडं पाणी शोषून घेतं. सूपात ग्लुकोज नसतं आणि मीठ आपल्या मनाने पडतं, त्यामुळे ओआरएसऐवजी सूप नाही. जोडीला द्यायचं तर थोडं, चरबी काढून.

भात-नूडल्सचं सांडशीताई सांगतील, मी झोपायला चालले.


सांडशी | बुधवार, सकाळी १०:२२

वेगळे शिजवून वाढताना घालायचे. सूपात ठेवले तर रात्रीत सगळं सूप पिऊन बसतात आणि सकाळी लापशी. अंडं घालायचं असेल तर फेटून उकळत्या सूपात बारीक धारेने सोडायचं, एका हाताने ढवळत, आणि नीट शिजू द्यायचं. प्रोटीनही वाढतं.


अर्धी_वाटी | शनिवार, संध्याकाळी ६:४०

उशिरा अपडेट देतेय. बुधवारपासून रोज दोनदा सूप चालू आहे, गुरुवारी अंडं घातलं, काल भाताबरोबर पूर्ण वाटी झाली. नाक उघडलंय. धाप कमी आहे. सोमवारी डॉक्टरांकडे परत जायचंय.

आज दुपारची गोष्ट. मी नेहमीसारखा कप ठेवून बाहेर आले, तर आतून हाक. गेले. बाबा म्हणाले, "हे सूप तू रोज असंच करतेस?" म्हटलं हो बाबा, का? तर म्हणे, "अळणी आहे. चार दिवस अळणी पाजतेयस मला." मी तिथेच हसायला लागले, ते आणखी चिडले. मग म्हणाले की हिच्या सूपात आलं कमी असायचं आणि मीठ व्यवस्थित असायचं. सासूबाईंबद्दल ते तीन वर्षांत माझ्याशी इतकं बोलले नव्हते, मग पुढचा अर्धा तास सूप कसं असायचं तेच चाललं होतं, त्या शेवटी गाजर बाहेर काढून कुस्करून परत घालायच्या म्हणे, म्हणून त्यांचं सूप जरा गोडसर लागायचं. ते मी आता करणार.


कोरडा_घसा | शनिवार, संध्याकाळी ६:५५

❤️


जुना_चष्मा | शनिवार, संध्याकाळी ७:१०

अळणी कळलं म्हणजे जीभ परत आली. मीठ मात्र तीन ग्रॅमच. सोमवारी डॉक्टर काय म्हणतात ते बघून मग.


अर्धी_वाटी | शनिवार, रात्री ८:३०

काका, तेच सांगायला आले. मघाशी मी वर कपडे आणायला गेले तेवढ्यात बाबा काठी टेकत स्वयंपाकघरात आले होते, आठ दिवसांत पहिल्यांदा. आणि मीठ घातलं. कपात नाही, पातेल्यात. सगळ्या उद्याच्या सूपात. किती घातलं विचारलं तर म्हणतात, अंदाजाने.

बिनमिठाचे क्यूब काढलेत फ्रीझरमधून, वाढवायला. मिठाचा डबा वरच्या फळीवर गेलाय.